आज हातानं काय राहिलं?

अण्णा माणसाचं नाव विचारत नसत. आधी हात मागत. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचा एक बाक होता. नवा पेशंट त्यावर टेकला की "हात द्या बघू" म्हणत आणि गळ्यातली टेप काढून खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेत, सदऱ्याच्या बाहीचं घेतात तसं. ते माप हेच मग त्या माणसाचं नाव. "मॅडम, साडेतेवीस आलेत," असं मला दारातून सांगत.

"कोण साडेतेवीस?" मी रजिस्टर उघडत विचारायची.

"ते नाही का, जिलेबी तळणारे. झारा धरून हात गेलेले."

रजिस्टरमध्ये जिलेबीचा रकाना नव्हता. मला नाव, वय, पत्ता, क्रमांक लागे. अण्णांना त्यातलं काहीच लागत नसे, आणि तरी सहा महिन्यांनी आलेला माणूस त्यांना आठवे, त्याची सून बाळंत झाली का तेही आठवे. माझ्याकडे बघून पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "साडेएकवीस." टेपला हातही लावला नव्हता. मी घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजलं. साडेएकवीस. मला तेव्हाच राग आला होता.

मुलांनो, हे सगळं क्रमानं लिहायचं मी ठरवलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, माझ्या कपाटात पत्रंसुद्धा तारखेनुसार लावलेली असतात. पण अण्णा क्रमात बसत नाहीत. कागद-पेन घेऊन बसलं की आधी त्यांचा तो कोट आठवतो, मग कात्री, मग त्यांच्यावर मी केलेले छोटे छोटे हल्ले. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

आठवण निघायचं कारण तुम्हीच. धाकट्याचं कोपर टेनिस खेळून दुखतंय, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं आणि मला हसूच आलं. टेनिस एल्बो झालेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. शिंपी, हलवाई, धोबी, खडू धरून धरून हात गेलेल्या मास्तरीणबाई. त्यातलं एकही टेनिस खेळत नव्हतं. पण त्याच फोनवर आईनं मला थोरलीचा शाळेतला निबंधही वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की माझी आजी बंगलोरला एका औषधाच्या चाचणीत काम करत होती आणि पेशंटना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिनंच शोधून काढला. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्यासाठी हे लिहिते आहे.

नव्वदीची सुरुवात होती. तुमच्या आजोबांची बदली पुण्याहून बंगलोरला झाली, यशवंतपूरच्या एका कारखान्यात. मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. बंगलोरात मला कन्नड येईना, म्हणून कुणी नोकरी देईना. दोन वर्षं मी घरात बसून भिंतींना इंग्रजी शिकवलं. मग कुणाच्या तरी ओळखीनं चिकपेटजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात कागदपत्रं सांभाळायचं काम मिळालं. त्या भागात आपली मराठी माणसं तीन-साडेतीनशे वर्षं राहतात. शिवणकाम, रंगकाम, कापडाची दुकानं. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक चुकतायत. नंतर कळलं की तिथे पाहुणी मी होते.

अण्णा त्यातलेच. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. मग उजव्या कोपरात दुखणं भरलं, कात्री चालेना, दुकान पुतण्याकडे गेलं. डॉक्टरांकडे पेशंट म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. डॉक्टरांनी त्यांना मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. म्हणजे पेशंटना आत सोडायचं, बाहेर बसवायचं, एवढंच. पण अण्णा खुर्चीवर बसणारे नव्हते. शिंप्याची मांडी घालून बाकावर बसायचे, आणि अंगात तो कोट. राखाडी रंगाचा, अंगावर छान बसलेला, पण सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके दिसत असलेला. ट्रायलला घालतात तसा. मी तिथे होते तेवढी वर्षं तो कोट तसाच होता.

"अण्णा, हा पुरा केव्हा शिवणार?" मी एकदा विचारलं.

"पुरा शिवला की उसवायला लागतं, मॅडम. माणूस स्वल्प सुटतो, स्वल्प आवळतो. राहू दे की."

सगळ्या बायका त्यांच्या अक्का होत्या, सगळे पुरुष अण्णा किंवा, वयानं लहान असले तर, तंबी. मी एकटी मॅडम.

मला त्यांचा हेवा वाटायचा. 'खटकायचं', 'बोचायचं' असे सौम्य शब्द मराठीत आहेत, पण ते इथे खोटे पडतील. हेवा. पेशंट आला की आधी त्यांच्या बाकाकडे जायचा. माझ्या टेबलापाशी येईपर्यंत त्याचं बोलून संपलेलं असायचं, उरलेलं मी लिहून घ्यायची. केळीचा घड आला तर बाकावर, मोगऱ्याचा गजरा आला तर "तुमच्या सुनेला द्या" म्हणून अण्णांच्या हातात. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत, फार सभ्यपणे, आणि दहा वाजता कॉफीचा पेला घेऊन व्हरांड्यात जात. तिथे ते आणि अण्णा कन्नडमध्ये काहीतरी बोलत आणि दोघं मोठमोठ्यानं हसत. मला शब्द कळायचे नाहीत, हसू कळायचं.

एकदा अण्णांनी डॉक्टरांना भर पेशंटांत सांगितलं, "खांदा उतरलाय." डॉक्टर घाबरून स्वतःचा खांदा चाचपायला लागले. "तुमचा नाही हो, कोटाचा. पेशंटला वाटतं डॉक्टरच दमलाय." आणि तो पांढरा कोट काढून घेऊन डाव्या हातानं, तासाभरात, खांदा चढवून दिला. डॉक्टर त्या दिवसापासून खरंच ताठ चालायला लागले. मी त्यांचा सगळा पत्रव्यवहार टाइप करून दिला होता, विषयवार फायली लावल्या होत्या. त्यानं कुणी ताठ झालं नव्हतं.

मग मी हल्ले सुरू केले. अण्णांचा बाक व्हरांड्याच्या उजेडाच्या टोकाला होता, तो मी 'जाण्यायेण्याला अडतो' असं सांगून नळाशेजारी हलवला. पेशंट नळाशेजारी गर्दी करायला लागले. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं, पाणी जवळ आलं." मी पाटी लावली : 'आधी फॉर्म, मग गप्पा.' इंग्रजी, मराठी आणि कन्नड. अण्णांनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि ती वाकडी लागली होती ती सरळ करून दिली.

आता त्या चाचणीचं सांगते. डॉक्टरांनी कोपराच्या दुखण्यावरचं एक मलम तपासायला घेतलं होतं. पेशंटना नीट समजावून, त्यांची सही घेऊन, प्रत्येकाला एक पांढरी ट्यूब द्यायची. ट्यूबवर फक्त क्रमांक. अर्ध्या ट्यूबांमध्ये औषध होतं, अर्ध्यांत औषध नसलेलं नुसतं मलम. कुठल्या क्रमांकात काय, हे पेशंटला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. ती यादी बंद पाकिटात डॉक्टरांच्या जुन्या सरांकडे. ठरावीक आठवड्यांनी पेशंट परत यायचा, त्याला प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. शेवटी पाकीट फोडायचं आणि बघायचं, औषधवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं की नाही.

म्हणजे सगळं अवलंबून होतं प्रश्नांवर आणि उत्तरांवर. आणि ते काम माझं होतं. डॉक्टरांनी इंग्रजी फॉर्म दिला, त्याचं मराठी मी केलं. माझ्या मराठीवरून आमच्या नर्सनं कन्नड केलं. मुख्य प्रश्न होता : हात आता कसा आहे? त्याखाली चार चौकटी : जास्त वाईट, तसाच, बरा, पूर्ण बरा. मी त्या फॉर्मवर तीन दिवस घालवले होते. डॉक्टर म्हणाले, चाचणीचा लेख छापून येईल तेव्हा शेवटी आभारात तुमचं नाव असेल. ते ऐकून मी घरी शिरा केला. आजोबांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस? मी म्हटलं, माझाच.

अण्णांना चाचणीत काही कामच नव्हतं. पण त्यांनी आपली वेगळी चाचणी काढली होती. शिंप्याची ती जड काळी कात्री आणि खाकी कापडाचा तुकडा, चार पदरी घडी केलेला. त्यावर खडूनं एक रेघ मारायचे आणि पेशंटला म्हणायचे, "जमेल तेवढं कापा." आणि स्वतः पाठ करून बसायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. चांगल्या हाताची कात्री एका लयीत करकरत जायची. दुखऱ्या हाताची थांबायची, मग लहानसा काप, मग परत थांबायची.

"बघता का नाही?" मी विचारलं होतं.

"बघितलं की माणूस जोर लावतो. माप तोंडाला विचारायचं नसतं, मॅडम. गिऱ्हाइकाला कंबर विचारली तर खरी सांगतंय का कोण?"

मी हसले नाही. आतल्या आत हसू आलं होतं, ते दाबलं.

चाचणी अर्ध्यावर आली असेल तेव्हाची गोष्ट. ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई होत्या, अण्णांच्या भाषेत वीस अक्का, कारण हात आखूड. त्या आपल्या चौथ्या आठवड्याला आल्या. मी पेन उघडलं.

"हात कसा आहे आता?"

"बरा आहे, मॅडम."

मी 'बरा'वर खूण केली. त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळानं व्हरांड्यातून कात्रीचा आवाज आला. एक काप. थांबली. दुसरा. आणि मग कात्री फरशीवर पडल्याचा खणखणाट. "सोडा अक्का, बेडा, पुरे," असं अण्णा म्हणाले. बेडा म्हणजे नको, एवढं कन्नड मला तोवर कळायला लागलं होतं. आणि मग अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले. ते आत कधी येत नसत. त्या दिवशी आले आणि उभेच राहिले.

"मॅडम, वीस अक्कांचं काय लिहिलं?"

"पेशंटची माहिती मी कुणाला सांगत नाही."

"पेशंटचं नाही विचारत. तुमचं विचारतो. तुम्ही काय लिहिलं?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बेटर. आधीपेक्षा चांगला."

"अय्यो! दोन काप घेता येत नाहीत त्यांना. कात्री पडली की हातातून."

"त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या."

"म्हणणारच की! तुम्ही कसा आहे म्हणून विचारलं. कसा आहे विचारलं की बरा आहे म्हणायचं, ते उत्तर आहे काय? तो नमस्कार आहे." मग त्यांनी कोटाच्या टाक्यावरून अंगठा फिरवला. "माझी बायको गेली, मॅडम. चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं. समोरचा कापडवाला विचारला, काय अण्णा, कसं आहे? मी काय म्हटलं? बरं आहे. आता लिहा तुमच्या कागदावर, बेटर."

मी चिडले. "मग काय विचारायचं, तुम्हीच सांगा."

मला वाटलं होतं, गप्प होतील. ते लगेच म्हणाले, "आज हातानं काय करायचं राहिलं, ते विचारा. दुखणं माणूस लपवतो. राहिलेलं काम लपवत नाही. ते कुणाला तरी सांगायलाच बघत असतो."

आणि मी, पुण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, त्यांना म्हणाले, "अण्णा, हे शास्त्र आहे. तुम्ही तुमची कात्री सांभाळा."

"सरी," म्हणाले आणि गेले. सरी म्हणजे ठीक आहे. दार त्यांनी हळूच लावलं.

दुपारी मी सगळे भरलेले फॉर्म काढून टेबलावर पसरले. बरा, बरा, बरा, बरा. कन्नड फॉर्मवरही तेच. नर्सला विचारलं, लोक तोंडानं काय म्हणतात? म्हणाली, "परवागिल्ला म्हणतात, मॅडम." चालतंय, काही हरकत नाही, अशा अर्थाचा शब्द. तिनं तो 'बरा'च्या चौकटीत घातला होता, कारण मी तिला तसंच शिकवलं होतं. औषध लावणारे आणि नुसतं मलम लावणारे, सगळे एका चौकटीत हात जोडून बसले होते. पाकीट फोडलं असतं तरी आत काही सापडलं नसतं.

संध्याकाळी आजोबा कारखान्यातून आले. त्यांचाही उजवा हात काही महिने दुखत होता. ते चाचणीत नव्हते. एकदा पॅन्ट आवळून घ्यायला म्हणून अण्णांकडे गेले होते आणि तासाभरानं हसत हसत परत आले होते. काय बोललात विचारलं तर म्हणाले, काही नाही, असंच. चहा देताना मी नेहमीसारखं विचारलं, "हात कसा आहे?"

"बरा आहे," पेपर उघडत ते म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. "आज हातानं काय करायचं राहिलं?"

त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "डबा उघडता येत नाही मला. महिना झाला. तू झाकण घट्ट लावतेस. शेजारी बसणारा तो मुदलियार रोज उघडून देतो. तुला सांगितलं असतं तर तू सैल लावलं असतंस आणि आमटी सांडली असती." आणि वर म्हणाले, "अण्णांनी ओळखलं होतं. त्यांनीही असंच काहीतरी विचारलं होतं."

रोज सकाळी मी तो डबा भरत होते. झाकणावर जोर देऊन, नीट, माझ्या पद्धतीनं. महिनाभर. आणि माझ्या घरातली ही गोष्ट नळाशेजारच्या बाकावर आधी पोचली होती. वाईट वाटण्याआधी मला काय वाटलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी काल सगळे फॉर्म परत तपासले. माझ्या भाषांतरात मोठी चूक आहे." आणि 'बरा' या शब्दाबद्दल बोलले. नमस्काराचं बोलले. फक्त कापडवाल्याचं उदाहरण वगळलं. मग म्हटलं, "मला वाटतं, प्रश्न असा असावा," आणि तो प्रश्न कागदावर लिहून पुढे केला.

'मला वाटतं.' दोन शब्द. ते मी रात्रभर ठरवून नव्हते आले. पण तोंडातून निघाल्यावर परतही घेतले नाहीत.

डॉक्टर खुर्चीतून उठले. ब्रिलियंट म्हणाले. आतापर्यंतचं सगळं वाया गेलं, चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागणार, नव्या ट्यूबा मागवाव्या लागणार, आणि तरीही ते खूश होते. "स्वतःची चूक स्वतः शोधून सांगणारी माणसं मी कमी पाहिली आहेत," असं ते मला म्हणाले. चोरलेल्या प्रश्नाबरोबर मला प्रामाणिकपणाची शाबासकीही मिळाली.

नवे फॉर्म छापून आले. पहिल्या दिवशी एका पेशंटनं व्हरांड्यात उभं राहून प्रश्न मोठ्यानं वाचला : आज हातानं काय करायचं राहिलं? मी आत होते. अण्णांचा आवाज आला, "सरी आहे. चांगला बसलाय प्रश्न." एवढंच. टोमणा होता की शिंप्याची दाद, मला आजही माहीत नाही. त्यांनी डॉक्टरांना सांगावं म्हणून मी वाट बघितली. सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. दहा वाजता कॉफी घेऊन डॉक्टर व्हरांड्यात गेले, दोघं हसले, आणि डॉक्टर परत आल्यावर माझ्याशी पूर्वीसारखेच सभ्यपणे बोलले.

पण उत्तरं! उत्तरं यायला लागली आणि मला लिहायला फॉर्म पुरेना. नारळ खोवायचा राहिला. सुनेच्या पदराला पिन लावायची राहिली. नातवाला उचलायचं राहिलं, तो दुसऱ्या आजीकडे गेला. "जावयानं हात पुढे केला, मी केला नाही, त्याला वाटलं मी रागावलोय." वीस अक्का म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाचे ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकले, मॅडम. चाळीस वर्षं लोकांच्या लेकींचे शिवले." आणि माझ्या टेबलाशी बसून रडल्या. पहिल्यांदाच कुणी माझ्या टेबलाशी बसून रडलं. मला बरं वाटलं हे सांगायला लाज वाटते. पण मला हेही कळत होतं की त्या माझ्यापुढे रडत नव्हत्या, अण्णांच्या प्रश्नापुढे रडत होत्या.

दर भेटीला कोणाचं किती राहिलं हे डॉक्टरांनी मोजलं. पाकीट फुटलं. औषधाचा गुण होता, पण थोडा, आणि सुरुवातीच्या आठवड्यांतच. पुढे पुढे दोन्हीकडचे हात जवळजवळ सारखेच सुधारले. म्हणजे मलमानं आधी जरा आराम, बाकीचं काळानं. फार मोठी बातमी नाही, पण खरी. डॉक्टर त्यावर समाधानी होते.

लेख छापून यायला वेळ लागला. तोवर डॉक्टर परदेशी गेले होते. त्यांनी तिकडून मला एक प्रत पाठवली. मी शेवटचं पान आधी उघडलं. तिथे आभारात लिहिलं होतं की पेशंटना काय विचारावं हे सुचवल्याबद्दल, आणि पुढे माझं नाव. माझं, तुमच्या आजोबांचं, आणि आडनाव. पूर्ण. पाकिटावर डॉक्टरांचा पत्ता होता. त्यांना दोन ओळी लिहिता आल्या असत्या. लिहिल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन दवाखान्यात गेले. प्रत कामासाठी लागते म्हणून सांगितलं. मिरवायलाच नेली होती.

अण्णांच्या बाकावर चार-पाच माणसं होती, वीस अक्काही होत्या. "आलं काय पेपरात?" अण्णा म्हणाले. "वाचा की, मॅडम. मराठीत सांगा. आमचेच हात आहेत त्यात."

मी उभ्या उभ्या वाचून सांगत गेले. मलम, ट्यूबा, किती आठवडे, काय निघालं. लोक मन लावून ऐकत होते. जिलेबीवाले साडेतेवीस म्हणाले, "म्हणजे मला खोटी ट्यूब मिळाली की खरी?" सगळे हसले. मग वीस अक्का म्हणाल्या, "तो राहिलं काय विचारायचा प्रश्न, तो आहे काय त्यात?"

"आहे."

"कोण काढला म्हणून लिहिलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णाही. इंग्रजी तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी शेवटचं पान उघडलं, बोट माझ्या नावाखाली ठेवलं आणि वाचलं, "पेशंटना काय विचारावं हे सुचवल्याबद्दल," आणि तिथे मी अण्णांचं नाव घेतलं.

"अय्यो, अण्णा! पेपरात आला की तुम्ही!" वीस अक्कांनी टाळीच वाजवली. कुणी तरी पेढे आणायला निघालं. मला वाटलं, झालं, फिटलं. एवढं सोपं होतं तर मी इतके दिवस उगाच झुरत होते.

अण्णांनी चष्मा लावला. "बघू." मी पान पुढे केलं. ते वाकले. माझ्या बोटावरून त्यांची नजर हळूहळू उजवीकडे सरकत गेली, ओळीच्या शेवटापर्यंत. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, "माझ्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव इंग्रजीत होतं, मॅडम. पेंटर काढत होता तेव्हा मी खाली उभा होतो. पाच अक्षरं. हे तर ह्या काठापासून त्या काठापर्यंत गेलंय."

त्यांनी कागद जुन्या घडीवरच परत घडी घालून माझ्या हातात दिला.

"असू दे. तुम्हाला बसलंय," म्हणाले. "मला सैल झालं असतं."

मग ते वळले आणि पेढ्यांना निघालेल्या माणसाला हाक मारून थांबवलं.

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आपल्या वागण्याची लाज मला वाटली, नाही असं नाही, पण ती थोड्या वेळानं, घरी जाताना, रिक्षात. त्या व्हरांड्यात, कागद हातात धरून उभी असताना, आधी मनात आलं ते वेगळंच होतं, आणि तेवढंही तुमच्यापासून लपवत नाही : इतकं नेमकं बोलायला ह्या माणसाला सुचतं तरी कसं, आणि मला का सुचत नाही?